नाकातलं नाव, छातीतलं नाव: एका एम्पायमाचं प्रकरण

चार वर्षांची मुलगी, वजन १६ किलो. ताप आणि खोकल्याचा पाचवा दिवस. तिसऱ्या दिवशी न्यूमोनियाचं निदान होऊन अमॉक्सिसिलिनचं पातळ औषध सुरू झालं होतं. दोन दिवस डोस नीट गेले, उलटी झाली नाही, तरी ताप हटेना. उलट धाप वाढली, खाणं सुटलं आणि ती सारखी उजव्या कुशीवर निजू लागली. संध्याकाळी इमर्जन्सीत आणली तेव्हा ताप ३९.६ अंश सेल्सिअस, श्वास मिनिटाला ५२, ऑक्सिजन ९१ टक्के. छातीवर उजवीकडे खाली बोटाने ठोकलं की बद्द आवाज, आणि स्टेथोस्कोप लावला तर श्वास जवळजवळ ऐकूच येईना. एक्स-रेमध्ये उजवी बाजू अर्ध्याहून जास्त पांढरी. सोनोग्राफीत फुप्फुसाच्या आवरणात पाणी, आणि त्या पाण्यात जाळी. जाळी दिसू लागली की ते साधं पाणी राहिलेलं नाही, पू होण्याच्या वाटेवर आहे असं समजायचं. छातीत असा पू साठला की त्याला एम्पायमा म्हणतात.

रक्तात पांढऱ्या पेशी २४,०००, त्यांत न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पेशी) ८६ टक्के, सीआरपी (शरीरातली जळजळ दाखवणारं प्रथिन) लिटरला २८० मिलिग्रॅम. लसी सगळ्या वेळेवर झालेल्या, न्यूमोकॉकस या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूचीसुद्धा. केसपेपरच्या तळाशी घाईत लिहिलेली एक ओळ होती: ‘मोठा भाऊ, वय ७, आठवड्यापूर्वी घसादुखी व ताप, आपोआप बरा.’ ही ओळ त्या रात्री कुणी पुन्हा वाचली नाही.

(ही मुलगी शिकवण्यासाठी रचलेली आहे. चाचण्या, औषधं आणि अभ्यासांचे आकडे मात्र प्रत्यक्ष व्यवहारातले आहेत.)

पहिली रात्र

ऑक्सिजन लावला, शिरेतून सेफट्रायॅक्सोन सुरू केलं. पाणी जास्त आणि मूल थकलेलं, म्हणून स्टॅफिलोकॉकस ऑरियसची, त्यातही मेथिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जातीची, शंका धरून व्हॅन्कोमायसिन जोडलं. इथवर कुणाचं दुमत होणार नाही. रक्ताचं कल्चर (जंतू उगवून पाहण्याची चाचणी) पहिल्या डोसच्या आधी घेतलं. त्याच दमात नाकातून घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत जाणारा स्वॅब घेऊन श्वसनाच्या मल्टिप्लेक्स पॅनेलला, म्हणजे एका दमात अनेक जंतू शोधणाऱ्या चाचणीला, पाठवला.

तासाभरात रिपोर्ट आला. दोन नावांपुढे ‘आढळला’: ऱ्हायनोव्हायरस/एन्टेरोव्हायरस आणि मायकोप्लाझ्मा न्यूमोनी. बाकी सगळ्यांपुढे ‘आढळला नाही’. मायकोप्लाझ्मा या जिवाणूला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं त्याच्यावर चालत नाहीत. अमॉक्सिसिलिन घेऊनही ताप का हटला नाही, याचं उत्तर रेसिडेंटला तयारच मिळालं. त्याने अझिथ्रोमायसिन जोडलं. सकाळच्या राउंडपर्यंत मुलीला तीन अँटिबायोटिक चालू होती आणि केसपेपरवर ‘मायकोप्लाझ्मा न्यूमोनिया, पाण्यासह’ असं निदान लिहिलेलं होतं.

औषध जोडलं यात फार वावगं काही नव्हतं. रात्री अकराला हातात असा कागद असेल तर बरेच जण तेच करतील. खटकतं ते निदान लिहून टाकणं. एकदा नाव लिहिलं गेलं की पुढचा प्रत्येक जण त्या नावापासून विचार सुरू करतो.

त्या पॅनेलला नेमकं काय विचारलं होतं?

या चाचण्यांचं बाहेरून दिसणारं रूप फार सोपं आहे. स्वॅबचं द्रव कार्ट्रिजमध्ये सोडायचं, कार्ट्रिज यंत्रात सरकवायचं, बस. आत बरंच काही घडतं. सूक्ष्म मण्यांच्या माऱ्याने पेशी फुटतात, डीएनए-आरएनए वेगळं काढलं जातं, आरएनएची डीएनए प्रत बनते, मग दोन टप्प्यांत पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणं, होतं: आधी सगळी लक्ष्यं एकत्र, नंतर प्रत्येकाचं आपापल्या खळग्यात स्वतंत्र. शेवटी तापमान वाढवत नेऊन त्या डीएनएच्या दोन पट्ट्या कुठल्या तापमानाला सुटतात ते पाहतात, आणि त्यावरून जे वाढलं ते अपेक्षित तेच आहे ना याची खात्री होते. उदाहरणादाखल फिल्मअ‍ॅरेचं रेस्पिरेटरी पॅनेल २.१ घ्या: साधारण ४५ मिनिटांत २२ लक्ष्यं तपासतं. त्यांतले १८ विषाणू, जिवाणू फक्त चार: बोर्डेटेला पर्टुसिस (डांग्या खोकल्याचा जंतू), बोर्डेटेला पॅरापर्टुसिस, क्लॅमिडिया न्यूमोनी आणि मायकोप्लाझ्मा न्यूमोनी.

फक्त चारच का? न्यूमोकॉकस कुठे गेला? हिमोफिलस इन्फ्लुएन्झा? ते मुद्दामच वगळलेले आहेत. लहान मुलांच्या नाकाच्या मागच्या भागात हे जंतू एरवीही मुक्काम ठोकून असतात, सर्दी असो वा नसो. तिथे त्यांचं डीएनए सापडलं तर त्यावरून फुप्फुसात काय चाललंय ते सांगता येत नाही. काही प्रयोगशाळांच्या पॅनेलमध्ये हे दोघंही असतात आणि रिपोर्टवर एकाखाली एक ‘आढळला’ उमटतं. वाचणाऱ्याला वाटतं मुलाला चार-चार संसर्ग झालेत. तो कागद हजेरीपट आहे. वर्गात कोण बसलंय ते कळतं, काच कुणी फोडली ते नाही.

मायकोप्लाझ्मा आणि डांग्या खोकल्याचा जंतू हे मात्र सापडले तर रोगाचेच, अशी समजूत होती, म्हणून त्यांना यादीत जागा मिळाली. डांग्या खोकल्याच्या बाबतीत ती बरीचशी खरी आहे. मायकोप्लाझ्माच्या बाबतीत तिला तडा गेला तो २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या रॉटरडॅमच्या अभ्यासाने. तिथे श्वसनाचा कुठलाही त्रास नसलेल्या मुलांपैकी २१.२ टक्के जणांच्या वरच्या श्वसनमार्गात मायकोप्लाझ्माचं डीएनए सापडलं. लक्षणं असलेल्या मुलांत ते प्रमाण १६.२ टक्के होतं. आजारी मुलांपेक्षा धडधाकट मुलांतच थोडं जास्त! काहींच्या बाबतीत ते महिनोन्महिने टिकून होतं. रक्तातल्या अँटिबॉडी पाहूनही दोन्ही गट वेगळे काढता आले नाहीत. म्हणून ‘पीसीआरवर शंका आहे ना, मग आयजीएम (ताज्या संसर्गात बनणारी अँटिबॉडी) पाठवा’ हा नेहमीचा तोडगा इथे फारसा कामाचा नाही. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी मोजण्याची पद्धत झुरिकच्या गटाने वापरून दाखवली आहे, ती फरक करते. पण ती रोजच्या वॉर्डात मिळणारी चाचणी नव्हे.

सर्वांत मोठ्या प्रमाणावर हा गुंता हाताळला तो पर्च या अभ्यासाने. बांगलादेश, गांबिया, केनिया, माली, दक्षिण आफ्रिका, थायलंड आणि झांबिया, असे सात देश. पाच वर्षांखालची, तीव्र न्यूमोनियाने दाखल झालेली ४,२३२ मुलं आणि त्यांच्याच वस्त्यांतली न्यूमोनिया नसलेली ५,११९ मुलं. निष्कर्ष २०१९ साली लॅन्सेटमध्ये आले. नियंत्रण गट इतका मोठा ठेवण्याचं कारणच हे होतं, की आजारी मुलाच्या नाकात काय सापडलं याला धडधाकट मुलाच्या नाकात काय सापडतं हे कळल्याशिवाय अर्थ नाही. न्यूमोकॉकसच्या बाबतीत त्यांना दिसलं की नुसती हजेरी निरुपयोगी, घनता मात्र काही प्रमाणात बोलते: मिलिलिटरला साधारण ८० लाख प्रतींच्या वर गेली तर खऱ्या न्यूमोकॉकल न्यूमोनियाची शक्यता वाढते. तरीही एकट्या मुलाबद्दल निर्णय घ्यायला ते पुरेसं नाही.

आता आपल्या मुलीकडे या. वय चार. मायकोप्लाझ्मा लहानांत होत नाही असं नाही, पण त्याचा खरा वावर शाळकरी वयात. त्याने छातीत पाणी होतं, पण बहुधा थोडं. इथे जाळी धरलेलं भरपूर पाणी, सीआरपी २८०, न्यूट्रोफिल ८६ टक्के. हे चित्र पू करणाऱ्या जंतूचं आहे. कागदावरचं नाव आणि अंथरुणावरचं मूल यांचा मेळ बसत नव्हता.

पुवाचा नमुना

दुसऱ्या दिवशी सकाळी भूल देऊन, सोनोग्राफीच्या नजरेखाली छातीत नळी टाकली. पहिल्यांदा आलं ते गढूळ, पिवळट, किंचित घट्ट द्रव. पीएच ६.९, ग्लुकोज जवळजवळ शून्य; दोन्ही खुणा पुवाच्या.

या नमुन्याची वाटणी कशी करायची हे आधी ठरलेलं नसेल तर घोटाळा होतो, म्हणून जरा तपशिलात सांगतो. यूरोकायनेजसारखं जाळी विरघळवणारं औषध नळीतून जाण्याआधीचा नमुना हवा, नंतरचा पातळ झालेला असतो. थोडं द्रव थेट रक्त-कल्चरच्या बाटलीत टोचायचं. नुसत्या डबीत पाठवण्यापेक्षा असं केल्यावर जंतू उगवण्याची शक्यता वाढते. थोडं निर्जंतुक साध्या नळीत ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), नेहमीचं कल्चर आणि पीसीआरसाठी. बायोकेमिस्ट्रीला जाणाऱ्या हेपरिनच्या नळीतलं उरलेलं द्रव पीसीआरला वापरायचं नाही, कारण हेपरिन पीसीआरच्या एन्झाइमला अडवतं आणि खोटं ‘आढळला नाही’ येऊ शकतं. नळीवर ‘छातीतलं द्रव, उजवी बाजू’ असं लिहायचं. ‘द्रव’ एवढंच लिहिलेल्या नळ्या रोज येतात.

ग्रॅम स्टेनमध्ये पेशींचा खच, जंतू दिसला नाही. रेसिडेंटने मायक्रोबायोलॉजीला फोन लावला.

“मॅडम, नाकाच्या पॅनेलमध्ये मायकोप्लाझ्मा आलाय. पुवाचं पीसीआर तरीही लावायचं का? कल्चर तर लावलंच आहे.”

“अँटिबायोटिक किती दिवस चालू आहे?”

“अमॉक्सिसिलिन दोन दिवस. काल रात्रीपासून सेफट्रायॅक्सोन.”

“मग कल्चर उगवेल याची आशा कमीच धरा. बरं, तुमच्या पॅनेलमध्ये ग्रुप ए स्ट्रेप होता का?”

“नाही आला.”

“आला नाही ते राहू द्या. यादीत होता का?”

यादीत ग्रुप ए स्ट्रेप, म्हणजे घसादुखी करणारा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस, नव्हता. न्यूमोकॉकसही नव्हता, स्टॅफही नव्हता. छातीत पू करणारी तीन प्रमुख नावं, आणि तिन्हींबद्दल त्या कागदाने अवाक्षर काढलेलं नव्हतं. ‘बाकी सगळं निगेटिव्ह आहे’ असं राउंडला म्हटलं गेलं तेव्हा त्या ‘बाकी’मध्ये हे तिघं धरले गेले होते. पॅनेलच्या निगेटिव्ह बाजूकडे आपण यादी डोळ्यासमोर न ठेवता पाहतो, आणि माझ्या मते पॉझिटिव्हच्या चुकीच्या अर्थापेक्षा हे जास्त महागात पडतं.

मॅडमनी नमुना मागवून घेतला. प्रयोगशाळेत छातीतल्या द्रवासाठी स्वतः प्रमाणित केलेलं लक्ष्यित पीसीआर होतं: न्यूमोकॉकससाठी लिट-ए जनुक, स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिससाठी एक लक्ष्य, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि त्यासोबत मेथिसिलिन-प्रतिकाराचं मेक-ए. तयार कार्ट्रिजमध्येही न्यूमोनियासाठीचं वेगळं पॅनेल मिळतं, त्यात ग्रुप ए स्ट्रेप असतो. पण ते थुंकी आणि फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवासाठी प्रमाणित आहे. छातीतल्या पुवावर ते चालवायचं तर त्या नमुन्यावर ते कसं वागतं हे प्रयोगशाळेने स्वतः तपासून घ्यावं लागतं. लिट-ए का, हेही सांगण्यासारखं आहे. न्यूमोकॉकसचं न्यूमोलायसिनचं जनुक पूर्वी वापरलं जाई. तोंडातल्या काही निरुपद्रवी नातेवाईक स्ट्रेप्टोकॉकसमध्येही ते सापडतं आणि त्यामुळे खोटी पॉझिटिव्ह येते. लिट-ए त्यामानाने नेमकं.

नमुना पोचल्यापासून तीन तासांच्या आत निकाल आला. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस आढळला, सीटी २३. न्यूमोकॉकस नाही, स्टॅफ नाही. अंतर्गत कंट्रोल व्यवस्थित, म्हणजे नमुन्यात पीसीआरला अडवणारं काही नव्हतं. सीटी म्हणजे कितव्या आवर्तनाला खूण उमटली तो आकडा. दर आवर्तनाला डीएनए साधारण दुप्पट होतं, म्हणजे दहा आवर्तनांचा फरक हजारपटीचा. २३ ला उमटलं याचा अर्थ डीएनए भरपूर आहे. काठावरची, ३८-३९ ची, संशयास्पद पॉझिटिव्ह नव्हे.

हेच नाव घशाच्या स्वॅबमध्ये आलं असतं तर मी इतका विश्वास ठेवला नसता. शाळकरी मुलांच्या घशात हा जंतू लक्षणांशिवायही राहतो. छातीचं आवरण मात्र निर्जंतुक जागा आहे. तिथे त्याला मुक्कामाचं कारण नाही. पीसीआरचं तंत्र दोन्हीकडे एकच, संवेदनशीलता जवळपास सारखी. एका जागी तिचा त्रास होतो, दुसऱ्या जागी तिच्यासारखा आधार नाही.

नाव कळल्यावर काय बदललं

व्हॅन्कोमायसिन बंद. मूत्रपिंडावर नजर, रक्तातल्या पातळ्या, सगळा व्याप वाचला.

अझिथ्रोमायसिनही बंद. यावर वॉर्डात थोडी कुरबुर झाली. ‘पॉझिटिव्ह आलाय तर पाच दिवस देऊन टाकू, बिघडतंय काय?’ बिघडतं ते असं, की असं ‘देऊन टाकत’ गेल्यामुळेच पूर्व आशियात बहुसंख्य मायकोप्लाझ्मा आज अझिथ्रोमायसिनच्या गटाला दाद देत नाहीत. जंतूच्या २३एस राइबोसोमल आरएनएच्या जनुकात एका जागी बदल झाला की औषध निकामी होतं, आणि तो बदल आहे की नाही हे हे पॅनेल सांगत नाही. मुलगी एका डोसनंतर त्याच्याशिवाय सुधारली. अर्थात अझिथ्रोमायसिन ऊतींमध्ये बराच काळ रेंगाळतं, तेव्हा त्या एका डोसाने काहीच केलं नाही असं शपथेवर सांगता येणार नाही.

सेफट्रायॅक्सोनच्या जागी पेनिसिलिन जी आलं. हा निर्णय नुसत्या नावावर, कल्चरशिवाय घेता आला. का, ते समजून घेण्यासारखं आहे. पीसीआर जंतूचं नाव सांगतं. तो कुठल्या औषधाला दाद देईल हे, काही मोजकी प्रतिकार-जनुकं सोडली तर, सांगत नाही. न्यूमोकॉकस निघाला असता तर पेनिसिलिनबद्दल विचार करावा लागला असता, कारण त्याचा प्रतिकार कमी-जास्त असतो आणि तो मोजायला जिवंत जंतू लागतो. स्टॅफ निघाला असता तर मेक-एने निदान एक मोठा प्रश्न सोडवला असता. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिसचं मात्र वेगळंच आहे. जवळपास ऐंशी वर्षं पेनिसिलिन वापरात आहे, आणि त्याला ठामपणे प्रतिकार करणारा हा जंतू रुग्णात आजवर सिद्ध झालेला नाही. पेनिसिलिन जिथे चिकटतं त्या प्रथिनात बदल झालेले, किंचित कमी संवेदनशील नमुने अलीकडे नोंदले गेलेत, तेही उपचारांच्या आवाक्यातच आहेत. म्हणून या एका जंतूपुरतं नाव म्हणजेच औषध.

सोबत क्लिंडामायसिन दिलं. हा जंतू विषं सोडतो, आणि क्लिंडामायसिन प्रथिननिर्मितीच रोखतं म्हणून विष बनणं कमी होतं, असा त्यामागचा तर्क. पण क्लिंडामायसिनला प्रतिकार असू शकतो, आणि तो आहे का हे आपल्या पीसीआरमध्ये पाहिलेलं नव्हतं. म्हणून ते पेनिसिलिनच्या जोडीनेच द्यायचं, एकटं कधीच नाही.

आणि मग केसपेपरच्या तळाची ती ओळ. वॉर्डातल्या डॉक्टर मुलीच्या वडिलांशी बोलायला बसल्या.

“घरी कोण कोण असतं?”

“आम्ही चौघं होतो, आता पाच. बाळ झालंय ना, बारा दिवसांचं. म्हणून तर हिची आई येऊ शकत नाही.”

“मोठ्याचा घसा आता कसा आहे?”

“बराय तो. पण बाळाच्या अवतीभवतीच असतो सारखा.”

वडिलांना बाळाचा उल्लेख आधी करावासा वाटला नाही यात नवल नाही. आजारी मुलीच्या खोकल्याशी त्याचा काय संबंध? नावाशिवाय आपल्यालाही तो दिसला नव्हता. निर्जंतुक जागी ग्रुप ए स्ट्रेप सापडला म्हणजे तो आक्रमक संसर्ग झाला, अनेक देशांत तो आरोग्य खात्याला कळवावा लागतो, आणि घरातल्यांचा विचार करावा लागतो. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत २८ दिवसांपर्यंतचं नवजात बाळ आणि नुकतीच बाळंत झालेली आई हे दोघंही अतिजोखमीचे संपर्क धरले आहेत, त्यांना प्रतिबंधक औषध देण्याची शिफारस आहे. त्याच संध्याकाळी आई आणि बाळाची तपासणी होऊन औषध सुरू झालं. भावाचा घशाचा स्वॅब औषधाआधी घेतला. कल्चरची वाट पाहिली असती तर हा निर्णय किती लांबला असता? पुवाचं कल्चर पाच दिवसांनी ‘वाढ नाही’ म्हणून बंद झालं, रक्ताचंही. तेव्हा लांबला असता असं म्हणणंही चूक, घेतलाच गेला नसता.

ताप उतरेना तेव्हा

नेमकं औषध सुरू होऊन तीन दिवस झाले, तरी मुलगी ३८.५ च्या वर जात होती. वॉर्डात पुन्हा चुळबुळ. दोन सूचना आल्या: सेफट्रायॅक्सोन परत सुरू करावं, आणि नळीतून पुन्हा नमुना घेऊन पीसीआर करावं, जंतू गेला का ते पाहायला.

दुसरी सूचना चुकीची होती आणि ती वारंवार येते, म्हणून तिच्याबद्दल लिहितो. पीसीआरला जिवंत आणि मेलेल्या जंतूतला फरक कळत नाही. पुवात मेलेल्या जंतूंचं डीएनए कित्येक दिवस पडून राहतं. याच गुणामुळे अमॉक्सिसिलिनने मारलेला जंतू आपल्याला सापडला. त्याच गुणामुळे उपचार लागू पडला का हे ही चाचणी सांगू शकत नाही. पुन्हा केलं असतं तर पॉझिटिव्हच आलं असतं, आणि कुणीतरी औषध बदललं असतं.

पहिल्या सूचनेबद्दल: एम्पायमात ताप चार-पाच दिवस रेंगाळणं नेहमीचं आहे, औषध बरोबर असूनही. पू असतो तिथे औषध पोचायला आणि जळजळ शमायला वेळ लागतो. खरं तर घरी दिलेलं अमॉक्सिसिलिनही या जंतूवर अचूकच होतं. ते ‘निकामी’ ठरलं ते जंतू दाद देईना म्हणून नव्हे, तर पू साठला होता म्हणून. पहिल्या रात्रीचा सगळा तर्क ‘अमॉक्सिसिलिन चाललं नाही, म्हणजे त्याला न जुमानणारा जंतू’ यावर उभा होता, आणि तो पायाच कच्चा होता. पाहायचं ते श्वासाचा वेग, भूक, सीआरपीचा कल आणि नळीतून किती येतंय. सीआरपी २८० वरून १४० वर आला होता. तीन दिवस यूरोकायनेज देऊन नळी मोकळी वाहत होती. औषध बदललं नाही. पाचव्या दिवशी ताप उतरला, सहाव्या दिवशी नळी काढली.

वेगाचा हिशेब

‘जलद’ चाचणी म्हणताना यंत्राचा वेळ मोजला जातो. इथे पहिलं पॅनेल तासात आलं आणि त्याने निदानाला चुकीच्या वाटेला लावलं. दुसरं तीन तासांचं, पण नमुना घेतल्यापासून प्रयोगशाळेच्या टेबलावर जायलाच चार तास गेले; दोन तास तो नर्सिंग स्टेशनवर कुठल्या फॉर्मवर पाठवायचा या प्रश्नापायी पडून होता. वेग वाढवायचा असेल तर पैसा यंत्रापेक्षा त्या चार तासांवर आधी खर्च व्हावा असं मला वाटतं.

नाकाच्या पॅनेलने अँटिबायोटिकचा वापर आपोआप घटतो, ही आशाही तपासली गेलीय. फिनलंडमधल्या औलूच्या बाल-आपत्कालीन विभागात १,२४३ मुलांवर यादृच्छिक चाचणी झाली: एका गटाला लगेच मल्टिप्लेक्स पीसीआर, दुसऱ्याला नेहमीची पद्धत. २०२२ साली निकाल आला. अँटिबायोटिक मिळालेल्या मुलांचं प्रमाण पहिल्या गटात २७.३ टक्के, दुसऱ्यात २८.५. फरक नाहीच म्हणा ना. यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. विषाणू सापडला म्हणून जंतू नाही असं सिद्ध होत नाही, आणि डॉक्टरला भीती जंतूचीच असते. आपल्या मुलीच्या नाकातही ऱ्हायनोव्हायरस होताच. कदाचित त्यानेच वाट मोकळी केली असेल. २०२२ च्या अखेरीस युरोपात लहान मुलांत आक्रमक ग्रुप ए स्ट्रेप वाढला, तेव्हा श्वसनाच्या विषाणूंच्या साथींसोबत एम्पायमाची मुलंही वाढल्याचं इंग्लंडमध्ये नोंदलं गेलं.

निर्जंतुक जागेच्या नमुन्याचं गणित वेगळं. मुलांच्या न्यूमोनियाच्या अमेरिकन मार्गदर्शक सूचना २०११ सालच्या. त्यांत छातीतल्या द्रवासाठी पीसीआर किंवा अँटिजन चाचणीने जंतू ओळखण्याची शिफारस तेव्हाच केलेली आहे. तरी अजून बऱ्याच ठिकाणी नाकाचा स्वॅब पहिल्या तासात जातो आणि पुवाचं पीसीआर ‘कल्चर निगेटिव्ह आलं तर बघू’ या सदरात पडून राहतं. तोवर उरलेलं द्रव टाकून दिलेलं असतं.

मुलगी अकराव्या दिवशी तोंडी अमॉक्सिसिलिनवर घरी गेली. शिरेतलं आणि तोंडी मिळून चार आठवडे औषध झालं. आठ आठवड्यांनी एक्स-रेमध्ये उजव्या कोपऱ्यात आवरणाची थोडी जाडी उरली होती, बाकी स्वच्छ. बाळ आणि आई ठीक राहिले.

भावाच्या घशाचं कल्चर दोन दिवसांत उगवलं: स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस, क्लिंडामायसिनला दाद देणारा. मुलीच्या छातीतला आणि त्याच्या घशातला जंतू एकच होता का, हे ठामपणे सांगायचं तर दोघांचे जिवंत नमुने शेजारी ठेवून संपूर्ण जनुकक्रम ताडून पाहावा लागला असता. मुलीचा नमुना उगवलाच नव्हता. तिच्या बाजूने होतं ते फ्रीजरमध्ये राखून ठेवलेलं थोडं डीएनए. त्यावरून एम प्रकार (जंतूच्या पृष्ठभागावरच्या एम प्रथिनावरून ठरणारा प्रकार) काढता येईल का ते पाहायला ते संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवलं. भावाच्या रिपोर्टच्या आधारावर क्लिंडामायसिन आणखी दोन दिवस चालू ठेवलं आणि मग थांबवलं.